डब्यावरचं अक्षर

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं मनानेच भरून घे, कारण मला आधी मुद्द्याचं सांगायचंय. काल दुपारी आम्ही इंजिन उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडलंय. खोटं वाटेल तुला, पण माझी करंगळी आरपार जाते. एवढा जाड अॅल्युमिनियमचा गोळा, आणि उंदराने साबण कुरतडावा तसा कडेने खाल्लेला. दादा ते बघून मटकन खालीच बसला. छत्तीस वर्षांचा घोडा, पण तोंड असं झालं होतं की मला आधी त्याला पाणी द्यावं लागलं आणि मग इंजिनाकडे बघावं लागलं.

ही गाडी तू पाहिलेली नाहीस. बाबांच्या त्याच पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी दोन वर्षं खपून उभी केलीय. चालवतो तो, इंजिन लावते मी. तीस मार्चला डोंगरचढणीची शर्यत आहे, अकरा किलोमीटर आणि शहाऐंशी वळणं. गेल्या वर्षी आम्ही एकसष्टाव्या वळणावर धूर काढत उभे होतो. टायरवाले काका आमच्या पाठीशी आहेत, पण या वर्षीही गाडी वर पोचली नाही तर ते हात वर करणार, आणि मग शेडला कुलूप. हे तेच बोलले, अगदी प्रेमाने.

त्रास एकच. टर्बोचा दाब वाढवला की चढावर इंजिन ठोके मारतं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. पंपावरचं पेट्रोल पंच्याण्णव ऑक्टेनचं, त्याला तो दाब सोसत नाही. म्हणून आम्ही दुकानातून ऑक्टेन वाढवायची बाटली आणली. बाटलीवर आगीच्या ज्वाळा आणि 'तीस पॉइंट वाढ'. पंच्याण्णव अधिक तीस, म्हणजे सव्वाशे झालं की! आम्ही खुशाल दाब वाढवला आणि पिस्टनची चाळणी करून घेतली.

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे शेजाऱ्यांना सगळं ऐकू जातं आणि तुला काहीच नाही, म्हणून पत्र. चारही स्पार्क प्लग सोबत बांधून पाठवतेय, कुठल्या सिलिंडरचा कुठला ते चिठ्ठीवर लिहिलंय. आई म्हणते, लोक हात बघून सांगतात, माझा भाऊ प्लग बघून सांगतो. तर बघ आणि सांग. आमच्या नशिबात काय लिहिलंय?

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद तुला, आणि शिव्या त्या बाटलीवाल्याला.

तुझे चारही प्लग वर्तमानपत्रावर मांडून बसलोय. चांगल्या प्लगचं नाक पावाच्या कडेसारखं फिकट तपकिरी असतं. तुमच्या प्लगांचं विटकरी लाल आहे. हे लोखंड. तुमच्या ज्वाळावाल्या बाटलीत लोखंडाचं संयुग आहे. ते ऑक्टेन थोडं वाढवतं, नाही असं नाही, पण जळल्यावर प्लगवर असा गेरू फासून जातं आणि ठिणगी भलतीकडूनच पळते. नाव मोठं, लक्षण खोटं.

आता 'तीस पॉइंट'चं ऐक आणि डोकं धरून बस. या बाटल्यांच्या धंद्यात दहा पॉइंट म्हणजे एक आकडा. तीस पॉइंट म्हणजे तीन. तुम्ही अठ्ठ्याण्णवच्या पेट्रोलला सव्वाशेचं समजून हाकलंत. पिस्टनला भोक पडलं ते परवडलं, दादाच्या पायाखाली स्फोट झाला नाही. पत्र वाचून मला खुर्चीत नीट बसवेना, म्हणून उभ्यानेच दुसऱ्यांदा वाचलं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा धीर, एवढं लक्षात ठेव. दाबलं तरी ठिणगी पडेपर्यंत थांबायचं, हा धीर. धीर सुटला की ते कोपऱ्यात आपलं आपण पेटतं, आणि तोच तुमचा ठोका. मी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत ठोके मोजायच्या इंजिनापाशी बसून कान घालवले, ते हे एवढं वाक्य शिकण्यासाठी.

उपाय असा. आधी दाब कमी करा. मग टोल्यूइन घ्या, रंगवाल्यांकडे मिळतं, नऊ भाग पेट्रोलला एक भाग. मोजून घ्या, अंदाजपंचे नको. शेडची दोन्ही दारं उघडी ठेवा, हातमोजे घाला, आणि नळी तोंडाने ओढून टाकी भरायची नाही. तुझ्या बापाला ती वाईट सवय होती.

माझी बहीण कशी आहे? तिला म्हणावं, दोन ओळी लिहिल्याने हात मोडत नाहीत.

मामा


२७ फेब्रुवारी

मामा,

तू बस. उभ्याने वाचू नकोस. गाडी गप्प झाली.

गप्प म्हणजे किती गप्प, तर आम्ही दोघं घाबरलो. टोल्यूइनने निम्मं काम केलं होतं, पण खड्या चढावर अजून खडे वाजायचेच. आता तोच चढ, तोच दाब, किंबहुना थोडा जास्तच, आणि एक ठोका नाही. मी ठोके टिपणाऱ्या मापकाची वायर तुटलीय का बघायला बॉनेट उघडलं, तर वायर धडधाकट. दादा म्हणाला, "भिंगरे, ही आपलीच गाडी आहे ना?" आम्ही पहिल्यांदा अख्खा घाट वरपर्यंत चढलो. वर पोचल्यावर काय करायचं असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं, म्हणून परत खाली आलो.

आता तू विचारशील, घातलंत काय? तीच तर गंमत. सांगणार नाही. घरातलंच आहे, बाहेरून काही आणलेलं नाही, आणि कळेल तेव्हा तू पोट धरून हसशील. पुढच्या वेळी प्लग पाठवीन, त्यांच्यावरून ओळख पाहू. म्हातारपणी तुझी परीक्षा घ्यायचं आम्ही ठरवलंय.

कुरकुर एकच. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर दोनदा मेला. नवा घातला तोही चार दिवसांत गेला. शेवटी मी काढूनच टाकला आणि मिश्रण कानाने लावतेय.

दादाचं मात्र काही खरं नाही. मिश्रण करायचं काम त्याने स्वतःकडे घेतलंय, मला हात लावू देत नाही. दिवसभर शेडमध्ये, थंडी आहे म्हणून दारं बंद. पाच-सहा किलो उतरला असेल. झोप नाही म्हणतो. वेल्डिंगवाल्याशी फुटकळ कारणावरून असा भांडला की तो आता येत नाही. आणि आईचं काहीतरी बिनसलंय. दादा जेवायला बसला की ती स्वयंपाकघरात निघून जाते. विचारलं तर म्हणते, काही नाही. हातमोज्यांचं त्याला मी सांगितलं होतं. त्यात पाना नीट धरता येत नाही म्हणाला.

तुझी परीक्षक,
भिंगरी


६ मार्च

भिंगरे,

परीक्षेचा निकाल प्लग न बघताच सांगतो. डांबरगोळ्या. कपाटातल्या, कपड्यांत ठेवायच्या. घरातलंच आहे म्हणालीस ना? आमच्या तरुणपणी प्रत्येक मोटारसायकलवाल्याने एकदा तरी हा उद्योग केलेला असतो. जुन्या गोळ्या असतील तर एखादा आकडा मिळतोही, पण हल्लीच्या गोळ्या वेगळ्याच असतात, त्या इंजिनाला खातील. बंद करा. आईच्या साड्यांना कसर लागली तर मी जबाबदार नाही.

तरी एक गोष्ट मला पटत नाही. डांबरगोळीने एवढा ठोका जाणं अशक्य. मी तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चकित झालो. एक तर तुझे कान माझ्यावर गेलेत, नाहीतर तू काहीतरी लपवतेयस. तुमचे सेन्सर मला कळत नाहीत, माझ्या काळी ते नव्हतेच. प्लग तेवढे कळतात. लवकर पाठव.

दादाचं मला कळलं. झोप नाही, अन्न नाही, चिडचिड. अगं, छत्तीस वर्षांच्या माणसाला हे होतं तेव्हा शेडच्या बाहेर कोणीतरी असते. तिचं नाव काढून घे आणि मला कळव. शर्यत झाली की बार उडवून टाकू.

मामा


१४ मार्च

मामा,

दादाने माझ्या थोबाडीत मारली.

काल सकाळी मी कामाच्या टेबलापाशी उभी होते, प्लग बांधत होते, तुझ्यासाठीच. दादा आला, माझ्यासमोर उभा राहिला. माझ्याकडे बघत होता, पण डोळ्यांत बघत नव्हता. आणि काही न बोलता, काही कारण नसताना, फाडकन. कानात अजून आवाज घुमतोय. त्याने आयुष्यात कधी मला चिमटासुद्धा काढलेला नाही. लहानपणी मी त्याच्या पतंगाचा दोरा कापला होता तरी नाही. मारल्यावर त्याने स्वतःचा तळहात वळवून बघितला आणि म्हणाला, "गेलं." मग शांतपणे पाना उचलून कामाला लागला.

आई दारात उभी होती. मला वाटलं ती ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "तसंच. अगदी तसंच."

मग संध्याकाळी तिने सांगितलं. मामा, तुम्ही दोघांनी मला आयुष्यभर सांगितलंत की बाबा तापाने गेले. मी पाच वर्षांची होते, मला खरं वाटलं. ते वेड लागून गेले. घरात पाहुणे बसलेले असताना बाबांनी आईच्या थोबाडीत मारली, आठवड्यात त्यांना दवाखान्यात खाटेला बांधावं लागलं, आणि ते गेले. आईने हे अठ्ठावीस वर्षं पोटात ठेवलं. दादाची झोप उडाली तेव्हाच तिने ओळखलं होतं म्हणे. खाण तशी माती, म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

मी तुझ्यापासून अजून एक लपवलं होतं. गेले पंधरा दिवस दादा अंगावरून काहीतरी झटकत असतो. शर्टच्या बाहीवरून, मानेवरून. मला वाटलं सवय.

हे रक्तात असतं का? खरं सांग. माझ्यातही येणार का? वीस तारखेला मनाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. त्याला नेऊ कसा, हा प्रश्नच आहे, कारण त्याला काही झालंय हे त्याला मान्यच नाही. कालही शर्यतीचं पेट्रोल कालवत होता, शीळ घालत.

प्लग बांधून झालेच होते म्हणून सोबत पाठवतेय. बघायची गरज नाही. गंमत आता संपली.

भिंगरी


१७ मार्च

भिंगरे,

खालच्या औषधवाल्याकडून तुझ्या फोनवर निरोप पाठवलाय. तो मिळाला असेल तर निम्मं झालंच असेल. तरी हे सगळं पुन्हा वाच आणि तसंच कर.

बाबा माळ्यावर ठेवायचे तो निळा डबा आता जिथे असेल तिथे, त्याला कोणीही हात लावायचा नाही. झाकणसुद्धा लावायला जायचं नाही. शेड उघडी टाकून सगळ्यांनी बाहेर पडायचं. दादाला वीस तारखेची वाट न बघता आजच मोठ्या दवाखान्यात न्यायचं, मनाच्या डॉक्टरांकडे नाही. अंगावरचे कपडे पिशवीत बांधून बाहेर ठेवायचे. तिथे सांगायचं, पेट्रोलमधलं शिसं, पातळ स्वरूपातलं, कातडीतून आणि श्वासातून गेलंय. तीन आठवडे झालेत. रक्त आणि लघवी तपासा. त्यांनी नवल केलं तर पुन्हा सांगायचं. तू स्वतःचंही रक्त दे. आईचंही.

मी तुला निळा डबा म्हणालो हे वाचून तू दचकली असशील. तुझे प्लग उघडले तेव्हा मीही दचकलो. चारही नाकांवर करडी, पिवळसर झाक. हा रंग मी वीसेक वर्षांत पाहिला नव्हता, कारण तो जगातून गेलाय. हे शिशाचं. पूर्वी सगळ्या पेट्रोलमध्ये ते घालत. लिटरभराला चार थेंब घातले की ठोका गायब. त्यासारखं दुसरं औषध निघालं नाही, आणि त्यासारखं दुसरं विषही. औषधवाल्याच्या दुकानात मी बोलत होतो ते त्यालाही कळत नव्हतं, म्हणून कागदावर लिहून दिलं.

आता जे लिहितोय ते त्याच्या तोंडून सांगण्यासारखं नव्हतं.

डब्यावर पांढऱ्या रंगात 'अमृत' लिहिलंय. ते अक्षर माझं आहे. तू ते ओळखलंस, म्हणूनच निर्धास्त वापरलंस, हो ना? मामाने लिहिलंय म्हणजे चांगलंच असणार. आमच्या मिश्रणाच्या खोलीत ते शिसं पिंपात यायचं. गोडसर वास यायचा. तुझ्या बाबांना त्या खोलीत नोकरी मी लावून दिली. बहिणीचा नवरा, म्हणून सगळे त्यांना 'पाहुणे' म्हणायचे. पाहुण्यांना शर्यतीचं वेड, हे तुला माहीतच आहे. त्यांची मोटारसायकल ठोके मारायची. ते म्हणाले, मेहुणे, दोन लिटर द्या की. मी दिलं. बाहेर न्यायला सक्त बंदी होती, तरी दिलं. वर गमतीने 'अमृत' रंगवून दिलं. आम्ही दोघं त्यावर पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

त्या खोलीला कामगार पाखरांची खोली म्हणत. तिथे फार दिवस काम केलेल्या माणसाला अंगावर किडे, पाखरं दिसायची. तो झटकत राहायचा. झोप जायची, वजन उतरायचं, माणूस चिडखोर व्हायचा. माझ्यासमोर एक जण असा झाला होता. त्याला घरी पाठवलं, तो बरा झाला. म्हणजे मला हे सगळं ठाऊक होतं. तू दादाचं लिहिलंस तेव्हा मी त्याच्या लग्नाचा विनोद केला. भिंगरे, मला ते ठाऊक होतं आणि मी विनोद केला.

दादाने तुला मारलं नाही. त्याला तुझ्या गालावर काहीतरी बसलेलं दिसलं, चावणारं. ते त्याने उडवलं. म्हणून तळहात बघून 'गेलं' म्हणाला. तुझ्या बाबांनीही तुझ्या आईला मारलं नव्हतं.

रक्ताचा काही संबंध नाही. खाण चांगली होती आणि मातीही चांगली आहे. डबा एकच होता.

बाबांना बांधलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, हे कशाच्या संपर्कात आले होते का, तुमच्याकडे रसायनं असतात ना? मी नाही म्हणालो. डबा बाहेर दिला हे कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मला वाटलं, तोही बरा होऊन परत येईल, दोन दिवसांचा प्रश्न आहे. ते तिसऱ्या दिवशी गेले. त्यानंतर खरं सांगायला रोज एक दिवस उशीर होत गेला. डबा संपला असेल असं मी धरून चाललो. हेही खोटं, मला विचारायची हिंमत नव्हती.

तो डबा माझ्या बहिणीच्या डोक्यावर अठ्ठावीस वर्षं होता.

या पत्राचं काय करायचं ते तू ठरव. पण आधी दादाला ने.

मामा


३ एप्रिल

मामा,

तुझा निरोप सोळा तारखेला दुपारी आला. औषधवाल्याने लिहिलं होतं, "निळा डबा विष. मुलाला दवाखान्यात न्या. मामा रडताहेत." मला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय, कारण आम्ही डब्याचं तुला सांगितलंच नव्हतं. मग मला डब्यावरचं अक्षर आठवलं. दादाला मी गाडीची चाचणी आहे असं सांगून नेलं. तो शर्यतीचे बूट घालून दवाखान्यात उतरला.

तिथे कोणाचा विश्वास बसेना. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आम्ही फक्त पुस्तकात वाचलंय. तपासणीचा आकडा आला तेव्हा त्या स्वतःच दोनदा बघायला गेल्या. अजून आठ दिवस गेले असते तर, म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच सोडलं. पहिले चार दिवस दादाला बांधूनच ठेवावं लागलं. आता सोडलंय. झोप येतेय, हात कापतात, पण त्याने परवा विचारलं, "गाडी कुठाय?" त्यावरून मी समजले. माझ्या रक्तात थोडं आहे, आईच्या रक्तात नाही. शेडला पट्टी लावलीय. अंगभर पोशाख घातलेली चार माणसं आली आणि तुझा डबा एका मोठ्या पिंपात घालून घेऊन गेली. अक्षर वरून दिसत होतं. शर्यत झाली. कोण जिंकलं मी विचारलं नाही.

मला तुझा किती राग आलाय हे मला मोजता येत नाही. तूच मला मोजायला शिकवलंस, म्हणून सांगते, माझ्याकडे तेवढं मोठं माप नाही. डॉक्टरांनी तुला एक प्रश्न विचारला होता, मामा. एकच. आणि तरी हेही खरं की तू ते प्लग ओळखले नसतेस तर दादाही गेला असता. या दोन गोष्टी एका पत्रात मला बसवता येत नाहीत.

तुझं पत्र मी पंधरा दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. दादा धोक्याबाहेर आहे असं कळलं त्या दिवशी आईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते गालाचं पुन्हा वाच." मी वाचलं. "पुन्हा." तीनदा वाचलं. तिने स्वतःच्या डाव्या गालावर हात ठेवला. मग उठून साडी बदलली आणि एकटीच दादाकडे गेली. इतके दिवस ती खोलीच्या दारातूनच बघून परत यायची. नर्सने सांगितलं, त्या दिवशी ती खाटेवर त्याला चिकटून बसली आणि त्याचा कापरा हात धरून आपल्या गालावर ठेवला.

काल तिने माझ्याकडे कागद मागितला. दोन ओळी लिहिल्याने हात मोडत नाहीत असं तू म्हणाला होतास. खाली तिच्या ओळी आहेत. मी वाचल्यात, आणि त्यात माझं काही घालणार नाही.

भिंगरी

भाऊ,

मी बरी आहे. मुलगा बरा होतोय.

त्या वेळी घरात चार माणसं होती, त्यांच्यासमोर यांनी माझ्यावर हात उचलला असं मला वाटलं. ते मी मनाला लावून घेतलं. म्हणून दवाखान्यात शेवटचे तीन दिवस मी त्यांच्या खोलीत गेले नाही. बाहेर बाकावर बसून राहिले. ते आतून मला हाका मारत होते, बाकापर्यंत ऐकू यायच्या. तू रोज येऊन माझ्या शेजारी बसायचास. तेव्हा तुझे कान चांगले होते, हाका तुलाही ऐकू येत होत्या. नोकरी जाईल म्हणून डॉक्टरांना बोलला नाहीस, ते मी एखादे दिवशी समजून घेईन. पण मला नुसतं "जरा आत जा" म्हणायला कोणाची बंदी होती?

मी गेले असते रे.